मुदतवाढ

बुडबुडा तीन मिलिमीटरचा होता.

परीक्षानळीतल्या रसात आगकाडीच्या निम्म्या लांबीची एक छोटी नळी उलटी बुडवलेली असते. पाण्यात आतड्यातले जंतू असले तर ते रसातली साखर खातात, रस आंबतो, वायू सुटतो आणि त्या उलट्या नळीच्या बंद टोकाशी साठतो. नाजिमाने नळीला मोजपट्टी टेकवली, डोळे त्या पातळीला आणले आणि परत मोजलं. तीनच. शेजारच्या नळीत चार, पुढच्या तिन्हींत पुन्हा तीन. डावीकडच्या स्टँडमधल्या पाचही नळ्यांतला मूळचा जांभळा रस पिवळाधमक झाला होता.

उजवीकडच्या स्टँडमध्येही पाच नळ्या होत्या. त्यातल्या चार जांभळ्याच होत्या, परवा ठेवताना होत्या तशा. पाचवी किंचित पिवळसर, आणि तिच्यातला बुडबुडा मोहरीच्या दाण्याएवढा.

पाणी दोन्हीकडे एकच होतं: केंद्रामागच्या ओढ्याचं, शंभरपट पातळ केलेलं. त्या ओढ्यात अर्ध्या वस्तीचं सांडपाणी येतं, त्यामुळे दहाच्या दहा नळ्या पिवळ्या व्हायला हव्या होत्या. फरक होता तो रसाच्या पुडीत. जंतू वाढवण्याच्या या पुडीला प्रयोगशाळेत सगळे मीडिया म्हणतात. डावीकडचा मीडिया ताजा होता. कोथरूडच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या शेफाली नावाच्या मैत्रिणीकडून नाजिमाने तो लोणच्याच्या बरणीत मागून आणला होता. उजवीकडचा केंद्राच्या स्वतःच्या साठ्यातला. एप्रिलपासून इथली प्रत्येक चाचणी त्याच्यावर झाली होती.

तिने आकडे वहीत लिहिले. वर मागच्या दोन वेळचे आकडे होते. उजव्या स्टँडमध्ये पाचातली एक, नंतर पाचातल्या दोन. आज पुन्हा एक. ती ही चाचणी तिसऱ्यांदा करत होती. पहिलीला अकरा दिवस झाले होते.

"मॅडम, त्या फॉर्मचं काय करायचं?" लेखापाल श्याम केतकर दारात उभे होते. प्रयोगशाळेत चपला घालून येऊ नये हा नियम ते बावीस वर्षं पाळत आले होते, म्हणजे उंबऱ्याच्या आत येतच नसत. "सोमवारी साहेब येणार. एक खूण करायचीय. बारावीच्या पोरांना अख्ख्या पेपरला तीन तास देतात. आपण एका प्रश्नाला चार दिवस घेतलेत."

"पाहते."

"पाहून झाला असेल तर करा. अ वर. निधी अपुरा. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"आणि तुमचे जावईबापू?"

"त्यांच्यावर चादर घालतो की. थंडीचे दिवस आहेत, तेवढीच ऊब."

ते गेले. नाजिमाने हातमोजे काढले आणि टेबलावरचा फॉर्म पुन्हा समोर ओढला. राज्याच्या तिजोरीची ओढाताण कशामुळे होते हे शोधायला एक अभ्यासगट नेमला होता, आणि तो सगळ्या खात्यांकडून एकाच प्रश्नाचं उत्तर मागत होता. 'आपल्या कार्यालयाच्या आर्थिक अडचणींचे मुख्य कारण: (अ) अपुरा निधी, (ब) अनावश्यक खर्च. कृपया एकाच पर्यायावर खूण करावी.'

हडपसरचं हे जलपरीक्षण केंद्र राज्य सरकारचं. दोन तालुक्यांतल्या गावांच्या टाक्या, विहिरी, टँकर यांचं पाणी इथे तपासायला येतं. केंद्रप्रमुखांची जागा तीन वर्षं रिकामी होती, कारण भरती बंद होती. तेव्हापासून प्रमुखांच्या खुर्चीवर नाजिमा प्रभारी म्हणून बसत होती आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचं तिचं जुनं कामही करत होती. पगार जुन्याच कामाचा होता. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

जावईबापू म्हणजे बाहेरच्या व्हरांड्यातलं खोकं. छातीइतकं उंच, लाकडी पट्ट्यांनी जखडलेलं. आत पाण्यातले जंतू आपोआप मोजणारं यंत्र होतं, किंमत एकतीस लाख. दीड वर्षात ते एकदाही उघडलं गेलं नव्हतं. त्याच्यावर लोक डबे ठेवत, आणि पावसाळ्यात छत्र्या वाळत घालत.

ते आलं तो मार्चअखेर नाजिमाला तारखेनिशी आठवत होता. अठ्ठावीस तारखेला दुपारी चारनंतर वरून निरोप आला की यंत्रसामग्रीच्या सदराखाली एकतीस लाख मंजूर झालेत. एकतीस तारखेच्या आत खर्च केले नाहीत तर पैसे परत जाणार. आणि परत गेले तर पुढच्या वर्षी कुणीतरी विचारणार की गेल्या वर्षीचेच संपले नाहीत, मग यंदा कशाला हवेत? रसायनांच्या सदरात तेव्हा तीन हजार रुपये शिल्लक होते. यंत्राचे पैसे रसायनांना वापरता येत नाहीत. तशी परवानगी मागणारी तीन पत्रं केंद्राने मुंबईला पाठवली होती. तिन्हींना उत्तर एकच आलं, की पत्र मिळालं. तेव्हा श्यामरावांनी यादी काढली, नाजिमाने त्यातलं सर्वांत उपयोगी वाटलं ते निवडलं, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'सदर यंत्राची केंद्रास नितांत आवश्यकता आहे.' यंत्रात प्रत्येक नमुन्यामागे नऊशे रुपयांची एक पट्टी लागते आणि ती पट्टी रसायनांच्या सदरात मोडते, हे तिला तेव्हाही माहीत होतं.

म्हणजे ब. पण मीडियाची बाटली साडेचार हजारांची. ती घ्यायला पैसे नाहीत, म्हणजे अ.

यंदाच्या मार्चच्या शेवटी साठ्यातल्या बारा बाटल्यांची मुदत संपली. नवीन मिळणार नव्हत्या. मग केंद्राने जे नेहमी करतात तेच केलं. तीन जणांची समिती बसली: नाजिमा, श्यामराव आणि भांडारपाल. समितीने बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि ठराव केला: 'पूड दिसण्यास उत्तम असून तीत गुठळ्या नाहीत. सबब सहा महिने वापरण्यास हरकत नाही.' सप्टेंबरात समिती पुन्हा बसली आणि आणखी सहा महिने दिले. तेव्हा गुठळ्या होत्या. भांडारपालाने त्या चमच्याने फोडल्या.

नाजिमाला ठरावाची फारशी लाज वाटली नव्हती. सुकी पूड नीट ठेवली तर मुदतीनंतरही बराच काळ चालते, हे शास्त्राला धरूनच होतं. नीट म्हणजे तीस अंशांच्या आत. मात्र एप्रिलमध्ये काटकसरीचं परिपत्रक आलं: ज्या खोलीत माणूस बसत नाही तिथला एसी बंद ठेवावा. भांडारात माणूस बसत नाही. परिपत्रकाखाली 'अंमलबजावणी केली' असं लिहून तिने सही केली. मे महिन्यात भांडाराच्या भिंतीवरचा तापमापक त्रेचाळीस दाखवत होता. विजेच्या बिलात महिन्याला तीन हजार आठशे रुपये वाचले.

खरं तर चूक पहिल्याच आठवड्यात पकडली गेली असती. प्रत्येक खेपेला एक नळी मुद्दाम ओळखीचे जंतू घालून ठेवायची असते. ती पिवळी झाली नाही तर समजायचं की मीडिया मेला. पण केंद्रातले ओळखीचे जंतू गेल्या वर्षी फ्रीज बिघडला तेव्हा मेले, आणि नवे मागवायला रसायनांचंच सदर. तेव्हापासून त्या रकान्यात आडवी रेघ जात होती. ओढ्याचं पाणी वापरून हेच काम फुकटात करता आलं असतं. हे तिला सुचलं अकरा दिवसांपूर्वी, आणि तेही एका अभिनंदनाच्या पत्रामुळे.

पत्र खात्याकडून आलं होतं. दरवर्षी शंभरातले अठरा-वीस नमुने दूषित निघायचे, यंदा फक्त चार निघाले. पाण्याची गुणवत्ता सुधारल्याबद्दल केंद्राचं कौतुक केलं होतं. श्यामरावांनी पत्राला फ्रेम केली. फ्रेमला निधी लागला नाही, त्यांच्या घरी एक जुनी पडून होती. नाजिमाने ती भिंतीवर पाहिली, आणि तिच्या मनात आलं की दोन तालुक्यांतल्या गटारांना एकदम शहाणपण कसं सुचलं?

"म्याडम, येऊ का?"

हेमा आत आली. कंत्राटी तंत्रज्ञ. केंद्रात अशी नऊ जणं होती आणि त्यांचे चार महिन्यांचे पगार थकले होते. हडपसरच्या पलीकडच्या एका गावातून ती बसने येई. नळ्यांत पाणी सोडताना तिचा हात इतका स्थिर असे की नाजिमा बघत राही. आज तिच्या हातात पाण्याची बाटली होती, नमुन्यांची नव्हे, घरची.

"आमच्या टाकीचं पाणी हाय. तपासून बघायचं का एकदा? पैसे भरते मी."

"पैसे राहू दे. का गं, काय झालं?"

"गल्लीत पोटं बिघडलीत सगळ्यांची. आमच्या सासूबाईंना परवा सलाईन लावलं. मी म्हणलं, पाणी आसंल. तर समदे मलाच हसले." ती स्वतःही हसली. "म्हणले, तूच तपासतीस, अन् तूच शंका घेतीस? सप्टेंबरात आपणच पास केलंय ना म्याडम. तुमच्या सहीचा कागद टाकीला डकवलाय, पिलास्टिकमधी घालून. तवापासून कुणी पाणी उकळत बी नाय. गॅस वाचतो ना."

नाजिमाने बाटली घेतली. ती अजून कोमट होती, बसमध्ये हेमाने छातीशी धरून आणलेली असणार.

"मी स्वतः लावते," ती म्हणाली. "सोमवारी कळेल. तोवर उकळून प्या. सगळ्या गल्लीला सांग."

"माझं कोण ऐकतंय? कागद लावलाय ना."

हेमा गेल्यावर नाजिमाने बरणी उघडली. शेफालीच्या पुडीतली पाच नळ्यांपुरती उरली होती, तेवढीच.

रविवारी सकाळी कोंढव्यातल्या घरी नाजिमाचे पती इम्तियाज मेथी निवडत बसले होते. राज्याच्या कर विभागातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि करचुकव्यांवर जी बारीक नजर असायची ती आता पालेभाज्यांवर असे. दोघं घरात एरवी हिंदी-उर्दू मिसळून बोलत. वाद घालायचा झाला की मराठीत येत, कारण भांडायची सवय दोघांनाही कचेरीतच लागली होती.

"एवढं काय अवघड आहे त्या फॉर्ममध्ये?" इम्तियाज म्हणाले. "अ. डोळे मिटून. तेहेतीस वर्षं मी हेच पाहिलंय. दुकानदार बिल देत नाही, गिऱ्हाईक मागत नाही, आणि मग दोघं मिळून रस्त्यातल्या खड्ड्याला शिव्या देतात. तिजोरीत येतच नाही तर तुम्ही खर्च काय करणार?"

"एकतीस लाख आले होते. मी खोकं घेतलं."

"सहा महिने आधी आले असते तर नसतं घेतलंस."

"ते लिहायला रकाना नाही."

"रकाना कशाला पाहिजे? सरकारचे दोन खिसे आहेत. एका खिशाला भोक आहे आणि दुसरा शिवलेला आहे. लोक विचारतात, पैसे का नाहीत?" त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "पण तुला फॉर्मची काळजी नाहीये. बारा-तेरा दिवस झाले, तू जेवताना ताटाकडे बघत नाहीस."

तेव्हा तिने सांगितलं. बुडबुड्यांसकट, तापमापकासकट, ठरावासकट. टाकीवरच्या कागदाचंही सांगितलं. इम्तियाजांचे हात थांबले. त्यांनी चष्मा काढून जुडीच्या शेजारी ठेवला.

"चौकशी लागेल," ते म्हणाले.

"हो."

"चौदा महिने. चौकशी चालू असताना निवृत्त झालीस तर पेन्शन अडकेल. ग्रॅच्युइटीही. मी अशी माणसं पाहिलीत, सत्तर वर्षांची, फाईल घेऊन जिन्यात बसलेली." ते थांबले. "असं कर. फॉर्मवर अ लिही. नवीन मीडिया मागव, हवं तर शेफालीकडून उसना घे. पुढचे अहवाल बरोबर दे. झालं ते झालं."

"झालं ते टाकीवर डकवलंय."

"तू अजून एकदा तपासून बघ ना."

"तीनदा तपासलं."

"मग तिसऱ्यांदा कशाला केलंस? दुसऱ्यांदा कळलंच होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. हिशेबातली फट दाखवताना ते असेच हळू बोलत. "नाजिमा, तुला खात्री नव्हती की धीर नव्हता?"

ती उठली आणि निवडलेली मेथी धुवायला घेऊन गेली. नळ सोडला. एकदा, दोनदा, तीनदा पाणी बदललं. तिसऱ्या पाण्यातही तळाशी थोडी माती होती. आपण हे पाणी इतक्या निवांतपणे ओतून देतो आहोत, याचं तिला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. समितीने बाटलीला मुदत दिली होती, आणि प्रत्येक नव्या चाचणीबरोबर ती स्वतःला मुदत देत होती. तशी तिच्या वहीत एकही चूक नव्हती.

सोमवारी ती साडेआठलाच केंद्रावर पोचली. उबवणीपेटी उघडून तिने हेमाच्या बाटलीचा स्टँड बाहेर काढला. पाचातल्या चार नळ्या पिवळ्या होत्या. बुडबुडे दोन, तीन, दोन, दोन. तिने मोजले, लिहिले, आणि शुक्रवारचे ओढ्याचे दोन्ही स्टँड फ्रीजमधून काढून त्याच्या शेजारी ठेवले.

अभ्यासगटाचे बुद्धभूषण ओव्हाळ अकराला आले. चाळिशीचे, खांद्याला साधी कापडी पिशवी, बोलणं मोजकं. व्हरांड्यातच ते खोक्यापाशी थबकले.

"हे काय आहे?"

"जावई," श्यामराव म्हणाले. "हौसेनं आणले. तेव्हापासून बसून आहेत. मान आहे, काम नाही." मग एकदम आठवल्यासारखं, "म्हणजे यंत्र आहे, साहेब. बसवण्याची प्रक्रिया चालू आहे."

ओव्हाळांनी खोक्यावरची तारीख वाचली, पण लिहून घेतली नाही. नाजिमाच्या खोलीत बसल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपातून ग्लास भरून घेतला. "इथलं पाणी तरी न विचारता प्यायला हरकत नसावी," ते म्हणाले आणि प्यायले. नाजिमाने हात थोडा उचलला होता, तो तिने परत मांडीवर ठेवला.

फॉर्म टेबलावर कोराच होता.

"खूण केली नाहीत?"

"दोन्ही कारणं आहेत," नाजिमा म्हणाली. "आणि दोन्ही वेगळी नाहीत. पैसे उशिरा येतात म्हणून वाया जातात, वाया जातात म्हणून पुढे कमी मिळतात. कमी मिळतात म्हणून आम्ही बचत करतो, आणि त्या बचतीत…" ती थांबली.

"मॅडम, मला मान्य आहे," ओव्हाळ म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. मुंबईत दोन खोल्या आहेत. एकीत बसलेले म्हणतात, जमाच कमी. दुसरीतले म्हणतात, उधळपट्टी. दोघांनाही माझ्याकडून पुरावा हवाय, आणि असा हवाय की त्यात दुसऱ्या खोलीचं काही नसेल. तुम्ही ब लिहिलंत तर ते खोकं पुरे. पुढच्या एप्रिलपर्यंत हे केंद्र बंद होईल, तपासणी खाजगीकडे जाईल. अ लिहिलंत तर पहिली खोली म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो. पैसे त्याही खोलीत नाहीत, पण निदान केंद्र राहील."

"अ," श्यामराव म्हणाले. "मॅडमचं तेच मत आहे. त्या शब्द जपून वापरतात, एवढंच."

"आणि तुमची बाजू भक्कम आहे." ओव्हाळांनी पिशवीतून एक कागद काढला. "मी आकडे पाहिले. एप्रिलपासून दोन हजार चारशे बारा नमुने. त्यातले दोन हजार तीनशे सोळा पिण्यास योग्य. शहाण्णव टक्के. इतक्या कमी खर्चात इतका चांगला निकाल राज्यात दुसऱ्या कुठल्याच केंद्राचा नाही. या एका आकड्यावर मी हे केंद्र वाचवू शकतो. कंत्राटी लोकांचे पगारही काढून आणू शकतो. मी उगाच बोलत नाही."

श्यामरावांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "अभिनंदनाचं पत्रसुद्धा आहे, साहेब."

नाजिमाने हाक मारली, "हेमा, टेबलावरचे तिन्ही स्टँड घेऊन ये."

हेमाने ते एकेक करून आणले, दोन्ही हातांनी, पाणी न हलवता. नाजिमाने फॉर्म सरकवला आणि स्टँड ओव्हाळांच्या समोर ओळीने ठेवले. मग तिने सांगितलं. ओढ्याचं एकच पाणी, दोन मीडिया. एक ताजा. एक मुदत संपलेला, ठरावाने वाढवलेला आणि काटकसरीने त्रेचाळीस अंशांत शिजलेला. पाचातल्या पाच, आणि पाचातली एक. ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती, वर्गात पहिल्या वर्षाच्या मुलींना सांगावं तशी. शहाण्णव टक्के हा पाण्याचा आकडा नाही, ती म्हणाली, मेलेल्या पुडीचा आहे.

श्यामराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ठरावावर त्यांचीही सही होती. "मॅडम," ते म्हणाले. "मॅडम, निदान आज नको."

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" ओव्हाळांनी विचारलं.

"आज चौदा दिवस."

ओव्हाळांनी रिकाम्या ग्लासकडे पाहिलं, मग पिवळ्या नळ्यांकडे. "मॅडम, मी विचारतोय, सुचवत नाहीये. हे मी ऐकलं नाही असं समजायचं आहे का? कारण ऐकलं तर दोन्ही खोल्यांचं पहिल्यांदा एकमत होईल. बंद करा. आणि चौकशी तुमच्यावर लागेल. परिपत्रक काढणाऱ्यावर नाही, अठ्ठावीस मार्चला पैसे सोडणाऱ्यावरही नाही."

"मला माहीत आहे."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी खोक्यावर डबा ठेवल्याचा आवाज आला. हेमा अजून टेबलापाशीच उभी होती. ती ओव्हाळांचं बोलणं ऐकत नव्हती. तिची नजर तिसऱ्या स्टँडवर होती. त्याच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर तिच्या गावाचं नाव होतं, आणि त्यातल्या चार पिवळ्या नळ्यांचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सप्टेंबरात मीच लावलं होतं," ती म्हणाली. "माझ्या हातानं. समद्या जांभळ्या होत्या म्याडम. मी परत परत बघितलं होतं."

"तुझा हात बरोबर होता."

"मग आता नोकरी…" हेमाने वाक्य सोडून दिलं. मग दुसरं धरलं. "तो कागद कधी काढायचा?"

नाजिमाने टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला.

"आत्ता. घरी फोन लाव आणि काढायला सांग," ती म्हणाली. मग ती श्यामरावांकडे वळली. "श्यामराव, बसा, लिहून घ्या. साहेब, तुम्हीही ऐका. एक एप्रिलपासून या केंद्राने 'पिण्यास योग्य' म्हणून दिलेले सगळे अहवाल, दोन हजार तीनशे सोळा, मी मागे घेते आहे. आज, माझ्या सहीने."